बर्फाचा थर्मास

आईची मूत्रपिंडं थकली तेव्हा आम्हाला धास्ती होती क्रिएटिनिनची. तिला बसवलं मात्र हिमोग्लोबिनने. 7.8. स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत येताना ती मध्येच कपाटाला धरून उभी राहायची. डॉक्टरांनी समजावलं, रक्त तयार करायचा निरोप मूत्रपिंडांकडून जातो, एरिथ्रोपॉयटिनचा. आता तो इंजेक्शनने धाडावा लागेल.

मी बर्फाच्या थर्मासमधून इंजेक्शन आणून फ्रिजमध्ये ठेवायचो. शनिवारी सकाळी शेजारच्या इमारतीतल्या सिस्टर रात्रपाळी उरकून परस्पर आमच्याकडे यायच्या. सिरिंज दोन्ही तळव्यांत धरून बसायच्या. गार औषध जास्त झोंबतं म्हणून. पैशाचा विषय काढला की म्हणायच्या, ‘काकू, चहा टाका.’

पुढे वाचनात आलं की माणसाचं हे संप्रेरक पहिल्यांदा शुद्ध रूपात मिळालं ते 2,550 लिटर लघवीतून. जपानमधल्या कुमामोतोच्या ताकाजी मियाके यांनी ती अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांकडून जमवली होती. त्या आजारात अस्थिमज्जा दाद देत नाही, म्हणून मूत्रपिंडं हाका मारतच राहतात आणि निरोप लघवीतून वाहून जातो. 1975 मध्ये मियाके तिचा वाळवलेला अर्क घेऊन शिकागोला यूजीन गोल्डवासर यांच्याकडे गेले. 1977 मध्ये काम फत्ते झालं. ज्यांच्या स्वतःच्या रक्ताला त्या निरोपाचा काही उपयोग नव्हता, त्यांनी तो दिला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

2022 मध्ये भारतात डेसिडुस्टॅटला परवानगी मिळाली आणि पुढे डॉक्टरांनी आईला त्या गोळ्या सुरू केल्या, आठवड्यातून तीनदा. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं. प्राणवायू पुरेसा असला की एक एन्झाइम त्यावर खूण करतं आणि खूण झालेलं प्रथिन मोडीत निघतं. गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. एचआयएफ साठतं, शरीराला वाटतं हवा विरळ झाली, आणि ते स्वतःच एरिथ्रोपॉयटिन तयार करू लागतं, अन्नातलं लोहही जास्त ओढून घेतं. खूण झालेलं प्रथिन मोडीत काढायचं काम व्हीएचएल या दुसऱ्या प्रथिनाचं. त्याच्या जनुकातला दोष काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाठी देत आला. त्या आजाराचा माग काढत विल्यम केलिन या साखळीपर्यंत पोचले. 2019 चं नोबेल त्यांना, सेमेंझा आणि रॅटक्लिफ यांना मिळालं. त्या घराण्यांची नावं मला कुठून कळणार?

तीन महिन्यांत आई 10.4 वर आली. थर्मास माळ्यावर गेला.

सिस्टर मात्र शनिवारी येतच राहिल्या. गोळीने रक्तदाब वाढू शकतो, तो बघायला. चहा होईपर्यंत त्या स्टेथोस्कोपची चकती तळव्यात धरून बसायच्या, आईच्या हाताला गार लागू नये म्हणून.