आमची हेरल्ड

व्यापाऱ्याच्या घरात विकलेल्या वस्तूबद्दल हळहळ करू नये, असा दंडक असतो. सौदा ठरला, रक्कम हाती आली, रोजमेळात नोंद झाली की तो विषय संपला. बीडच्या आमच्या कापडाच्या दुकानात मीही आयुष्यभर हेच पाळत आलो. तरीही एका विक्रीची खंत मला अजून सोडत नाही. ती विक्री कापडाची नव्हती, बाबूजींच्या जुन्या स्टँडर्ड हेरल्ड गाडीची होती.

आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी ही गाडी पाहिलीही नसेल. साठच्या दशकात आपल्या रस्त्यांवर मुख्यत्वे तीनच देशी मोटारी दिसत : अँबॅसिडर, फिएट आणि मद्रासमध्ये १९६१ पासून तयार होऊ लागलेली हेरल्ड. आमच्या समाजातील वडीलधाऱ्यांचा ओढा साहजिकच फिएटकडे असे. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली. म्हणजे आपल्याच माणसाची. बाबूजींनी मात्र १९७४ मध्ये पुण्याहून जुनी, दोन दारांची हेरल्ड आणली. दादाजी म्हणाले होते, “दुकानदाराला दोन दारांची गाडी कशाला? माल कुठे ठेवशील आणि माणसे कुठे बसवशील?” बाबूजी नुसते हसले होते.

त्या हसण्याचा अर्थ मला पुढे कळला. हेरल्डचा आराखडा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी काढलेला. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीने याच गाडीचा सांगाडा आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही आपली प्रसिद्ध स्पोर्ट्स कार तयार केली. खरीखुरी स्पोर्ट्स कार बीडच्या कापड दुकानदाराला कोठून मिळणार? तिची ही सख्खी बहीण बाबूजींनी घरी आणली होती. आयुष्यात त्यांनी केलेली चैन म्हणाल तर एवढी एकच.

गाडी होतीही आगळी. तिचे बॉनेट मडगार्डांसह एकाच तुकड्यात पुढे उलटे आणि सारे इंजिन उघडे पडे. मिस्त्री पुढच्या चाकावर बसून काम करी, तेव्हा गल्लीतील मुले भोवती जमत. अवघ्या पंचवीस फुटांच्या घेऱ्यात ती वळत असल्याने मोंढ्याच्या गर्दीत इतर गाड्या अडकत आणि आमची सहज निघून येई. बीडला रेल्वे पोहोचायला २०२५ साल उजाडावे लागले. त्या काळी माल पाहायला सोलापूरला जायचे तर बस किंवा स्वतःची गाडी. पहाटे निघून चौसाळा, तुळजापूर करत आम्ही सोलापूर गाठत असू. परतताना मांजरसुंब्याच्या घाटातून बीडचे दिवे दिसू लागले की बाबूजी गुणगुणू लागत. दुकानात दिवसभर मोजके बोलणारा तो माणूस त्या उतारावर निराळाच होई.

याच घाटात त्यांनी मला गाडी शिकवली. पहिला धडा वेगाचा नव्हता. ते म्हणाले, “या गाडीचा एक स्वभाव आहे. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही.” कारण त्यांनी मिस्त्रीकडे, बॉनेट उघडून नव्हे, गाडीच्या मागे बसून दाखवले. मागच्या दोन्ही चाकांचे आस मधोमध सांध्यावर वरखाली हलत आणि वर एकच आडवा पाटा असे. भर वळणात एकाएकी वेग तोडला की गाडीचा मागचा भाग उचलला जाई, चाके खालून आत ओढली जात आणि गाडी मागून घसरे. १९७२ मध्ये त्याच कंपनीने गॅझेल आणली, तेव्हा मागचा आस अखंड केला. आमची गाडी त्याआधीची. “हा दोष नाही,” बाबूजी म्हणत, “पण ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी दोषच.”

२००७ मध्ये भावांच्या वाटण्या झाल्या. गोदाम वाढवायचे होते आणि हेरल्ड त्याच जागेत उभी होती. तिचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. बाबूजींनी दुकानात येणे सोडले होते. मी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “व्यवहार तुझ्या हाती दिला आहे. तू ठरव.”

अंबाजोगाईचा एक तरुण गाडी पाहायला आला. गाडी त्याच्या मनात भरली होती, पण किमतीसाठी तो घासाघीस करीत होता. वळणाची गोष्ट दोनदा माझ्या ओठांवर आली. ती ऐकून हा किंमत पाडेल, कदाचित उठूनही जाईल, या भीतीने मी ती गिळली. बेचाळीस हजारांत सौदा झाला. गाडी गल्लीच्या टोकाशी वळून दिसेनाशी झाली, तेव्हा बाबूजी ओट्यावर उभे होते.

रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. “त्याला वळणाचं सांगितलंस ना?”

“सांगितलं,” मी म्हणालो.

दोन वर्षांनी बाबूजी गेले. त्यांच्या कपाटात जैन ग्रंथांशेजारी हेरल्डची माहितीपुस्तिका सापडली. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांच्या अक्षरात तोच सल्ला लिहिला होता आणि खाली ‘पुढील मालकासाठी’ असे शब्द होते. ती पुस्तिका गाडीबरोबर द्यायची होती. मी ती मागितलीच नव्हती.

गाडी गेल्याचे दुःख तोवर सौम्य झाले होते. त्या पानाने ते वेगळेच झाले. अचौर्यव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार येतो. भेसळीचा माल खरा म्हणून खपवणे, असा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकतो. मी भेसळ केली नव्हती, वजनात मारले नव्हते. मी फक्त गप्प राहिलो होतो. संवत्सरीला शेकडो जणांना मिच्छामि दुक्कडम् म्हणणारा मी, ज्याची खरोखर क्षमा मागायला हवी होती त्याच्याकडे गेलो नव्हतो.

त्या वर्षी पर्युषण संपताच पुस्तिका घेऊन मी अंबाजोगाईला गेलो. जुन्या पावतीवरच्या पत्त्यावर तो भेटला. त्याने चहा मागवला. मी सगळे सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात उतारावर गाडी घसरली. समोरून बैलगाडी आली म्हणून मी पाय काढला. गाडी गर्रकन फिरून शेतात गेली. बायको बरोबर होती. लागलं कुणालाच नाही, पण ती पुन्हा त्या गाडीत बसली नाही. मला वाटलं, गाडीच खराब आहे. पुढे भंगारात दिली.”

मी हात जोडले. तो घाईने म्हणाला, “असू द्या काका, जुनी गोष्ट आहे.” पुस्तिका त्याने चाळली, शेवटचे पान वाचले आणि मला परत केली. “हे आधी मिळालं असतं तर मी ती ठेवली असती,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

ती पुस्तिका आता दुकानाच्या गल्ल्यात असते. ताक्यात कुठे धागा सुटलेला असेल तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी मी तो भाग उलगडून दाखवतो. कधी गिऱ्हाईक परत जाते, कधी राहते.

मागच्या दिवाळीत नातवाला घाटात गाडी शिकवायला नेले. वळण आले तसे माझ्या तोंडून आपोआप निघाले, “वेग आधी कमी कर, वळणात पाय उचलू नको.” तो म्हणाला, “दादाजी, या गाडीला तसं काही होत नाही.” ते खरेच आहे. तरी मी त्याला सगळे सांगितले.