काठावरची नावं

आमच्या नाशिकच्या घरात कुणाचं लग्न कोणत्या साली झालं यावरून वाद लागला, तर कागदपत्रांची पेटी कुणी उघडत नाही. आई स्वयंपाकघरात जाते, मांडणीवरून एखादं पातेलं काढते, त्याचा काठ उजेडाकडे धरते आणि वाचून दाखवते, "मे १९८९. वन्संच्या लग्नातलं आहे हे." संपला वाद. वास्तुशांतीची परात आहे, भावाच्या मुंजीतलं ताम्हण आहे, बाबांच्या निवृत्तीला सहकाऱ्यांनी दिलेला मोठा डबा आहे. बाबा ज्या पतसंस्थेचे सभासद होते, तिने रौप्यमहोत्सवी वर्षात वाटलेली बादलीसुद्धा आहे आणि तिच्यावर संस्थेचं नाव रजिस्टर नंबरासकट आहे. आमच्यासारख्या घरांचा इतिहास कुणी लिहायला बसत नाही. जो काही लिहिला जातो तो भांड्यांच्या काठाखाली, बोटभर जागेत.

ही रीत स्टीलच्या आधीची. आजीच्या लग्नातली, १९५८ सालची पितळी घागर अजून माळ्यावर आहे. नाशिक तांब्यापितळेसाठी नावाजलेलं गाव. नदीपासून जवळच असलेल्या भांडी बाजारात तिच्या लहानपणी ठोक्यांचा आवाज दिवसभर चालायचा, असं आजी सांगायची. पितळेवर नाव घालायचं म्हणजे छिन्नी आणि हातोडी. एकेक ठिपका ठोकत अक्षर उभं करायचं. पण पितळ घासायला चिंच लागते, राख लागते, नारळाची शेंडी लागते, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने ठिपके बुजत जातात. आजीच्या घागरीवरची अक्षरं आता बोट फिरवलं तर कळतात, नुसतं बघून वाचता येत नाहीत.

स्टीलवरचं नाव असं पुसलं जात नाही. इंग्लंडमध्ये शेफील्डला १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी हे न गंजणारं पोलाद तयार केलं, ते बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून चाललेल्या प्रयोगांतून. आपल्या ओट्यावर ते यायला पुढे कितीतरी दशकं गेली. त्यात क्रोमियम असतं. हवा लागली की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि तोच गंजापासून राखतो. ओरखडा पडला तर त्या जागी तो थर आपोआप पुन्हा धरतो. म्हणून सुईने खरवडून घातलेलं नाव तीस-चाळीस वर्षांनीही स्वच्छ वाचता येतं. आईला यातलं रसायन माहीत नाही. तिला एवढंच ठाऊक, की स्टील आलं आणि कल्हईवाल्याची वाट बघायची राहिली नाही, आमटी कळकायची भीती राहिली नाही.

नाव घालताना मी लहानपणापासून बघत आले आहे. यंत्र मुठीत मावेल एवढं, टोकाला कठीण सुई. बटण दाबलं की सुई थरथरायला लागते आणि दुकानभर कर्रर्र असा आवाज भरतो. त्या आवाजात कुणी बोलत नाही. दुकानदार आधी नाव कागदावर लिहून घेतो आणि गिऱ्हाइकाकडून तपासून घेतो, कारण स्टीलवर खाडाखोड चालत नाही. मग वाटी मांडीवर टेकवून तो डाव्या हाताने ती किंचित किंचित फिरवत जातो. आखणी नाही, पेन्सिल नाही. आधी अक्षरांचे देह, मग काने-वेलांट्या, सगळ्यात शेवटी शिरोरेघ, तीही काठाच्या गोलाईने. शेवटी फडक्याने बारीक चुरा पुसतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि नाव मोठ्याने वाचतो. गिऱ्हाईक "बरोबर" म्हणालं की मगच वाटी कागदात गुंडाळली जाते.

या नावांचं रोजचं कामही मोठं होतं. सिडकोतल्या आमच्या गल्लीत कुणाकडे सत्यनारायण असो की मंगळागौर, ताटं-वाट्या चार घरांतून जमा व्हायच्या. केटरर नावाचा माणूस तेव्हा आमच्याकडे फक्त लग्नात दिसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर धुतलेल्या ताटांची चळत मांडून आम्ही मुलं वाचणी करायचो : हे वरच्या काकूंचं, हे कोपऱ्यावरच्या मावशींचं. प्रत्येक घरी भांडी पोचवायची आणि त्यातल्या एका तरी भांड्यात प्रसाद किंवा चार लाडू घालून. रिकामं भांडं परत करायचं नाही, हा आईचा दंडक. शेजारपाजार म्हणजे काय हे मला त्या चळतीने शिकवलं.

माझी स्वतःची वाटी मामाने दिलेली, १९९५ सालची, माझ्या उष्टावणाची. चांदीची आणायची त्याची फार इच्छा होती, पण नुकताच नोकरीला लागला होता, म्हणून जाड स्टीलची आणली. तेव्हा दुकानात अक्षरामागे पैसे घेत, म्हणून त्याने फक्त माझं नाव घातलं. पुढे वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही, नुसती तीन अक्षरं आणि साल. शाळेचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, पदवी, पॅन कार्ड, सगळीकडे मी कुणाची तरी कोण आहे. त्या वाटीवर मी नुसती मी आहे. हे मला कळायला बरीच वर्षं लागली. मामाच्या मनातही तेव्हा तसं काही नसणार, पण पैशाच्या ओढाताणीतून का होईना, त्याने मला जे दिलं ते फार मोलाचं होतं.

ती वाटी माझ्याबरोबर पुण्याला आली. शिक्षण, मग पहिली नोकरी, कर्वेनगरमध्ये मैत्रिणींबरोबर भाड्याची खोली. कुणी लातूरची, कुणी जळगावची, कुणी रत्नागिरीची. प्रत्येकीच्या आईने निघताना चार भांडी बांधून दिलेली, आणि प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव. पहिल्या पगारानंतरचा पहिला वरणभात आम्ही अशा चार घरांच्या ताटांत जेवलो. रात्री भांडी घासताना नावं वाचून माणसांची चौकशी व्हायची. ही आत्या कोण, ही आता कुठे असते, हिच्याशी तुमचं बोलणं का बंद झालं? एकमेकींच्या घरांची ओळख आम्हाला अशी झाली. खोली सोडताना भांड्यांची सरमिसळ झाली आणि लातूरच्या मैत्रिणीच्या घरचं एक ताट माझ्याकडे आलं. तिला फोन केला, तर म्हणाली, "राहू दे गं, आमच्या मावशीची आठवण तुझ्याकडे राहिली." ते ताट अजून रोजच्या वापरात आहे. ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही, त्या मावशींचं नाव मला पाठ आहे.

२०१८ मध्ये आजी गेली. वर्षश्राद्धाला आलेल्यांना द्यायला बाबांनी वाट्या आणल्या आणि प्रत्येक वाटीवर नाव घालून घेतलं. सुरुवातीला 'कै.', पुढे तिचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव. वाट्यांची चळत मी पुसत बसले होते. शेजारी चुलतभावाची मुलगी होती, चौथीतली. तिने वाटीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "ही कोण?"

तिने पणजीला 'मोठी आजी' याशिवाय कशाने हाक मारलेली ऐकलीच नव्हती. मुलीचं काय घेऊन बसायचं, मोठ्यांनाही ते नाव उच्चारायची वेळ क्वचितच आली असेल. त्या संध्याकाळी मी माळ्यावर चढून घरातली जुनी भांडी एकेक करून पाहिली. माहेरहून आलेल्या घागरीवर तिच्या वडिलांची आद्याक्षरं. सासरच्या पातेल्यांवर आजोबांची. मोठ्या हंड्यावर माझ्या बाबांचं नाव, कारण तो त्यांच्या मुंजीत आलेला. साठ वर्षं ही भांडी तिने भरली, रिकामी केली, घासली, पालथी घातली. तिचं नाव त्यांतल्या एकावरही नव्हतं. आणि जे वाटीवर आलं तेही लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून तिला दिलेलं सासरचं नाव. तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव कोणत्याच भांड्यावर नाही. आजीने कधी याची तक्रार केली नाही. मला मात्र ते लागलं, आणि अजूनही लागतं. ज्या बाईच्या हातून घर जेवलं, तिचं नाव भांड्यावर यायला तिला मरावं लागलं, हे बरोबर नाही.

माझं लग्न २०२१ च्या मे महिन्यात झालं. एप्रिलमध्ये कोरोनामुळे राज्यात कडक निर्बंध आले होते. लग्नाला पंचवीसच माणसं, आणि सगळं दोन तासांत उरकायचं. एरवी लग्नात कुणीतरी काका वही घेऊन आहेर लिहायला बसतात. आमच्या लग्नात ती वही निघालीच नाही. येऊ न शकलेल्यांनी मोबाइलवर पैसे पाठवले. ते मनापासून पाठवलेले होते आणि संसार मांडताना फार उपयोगी पडले. पण आज घरातल्या कोणत्या वस्तूत कोणत्या मावशीचे पैसे आहेत, हे मला सांगता येणार नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं.

भांड्यांची दुकानं बंद होती. मुलीला संसाराची भांडी द्यायची कुठून, म्हणून आई आठवडाभर अस्वस्थ होती. शेवटी तिने माळा उतरवला आणि स्वतःच्या मांडणीतली निम्मी भांडी मला बांधून दिली. पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात त्यामुळे एकही नवं भांडं नव्हतं. आत्याच्या लग्नातलं पातेलं, आजोबांच्या नावाची परात, मामाची वाटी, लातूरच्या मावशींचं ताट. निर्बंधांमुळे जी माणसं मांडवात येऊ शकली नाहीत, त्यांतली कितीतरी अशी माझ्या ओट्यावर आली. नवा कोरा सेट मिळाला असता तर मी एवढी श्रीमंत झाले नसते, असं मला खरंच वाटतं.

मांडणी लावताना एक गोष्ट ध्यानात आली. आईने दिलेल्यांतली काही उत्तम, जाड बुडाची पातेली बिननावाची होती. ही कुठली, म्हणून फोनवर विचारलं, तर म्हणाली, "ती बोहारणीची." जुन्या साड्या, बाबांच्या विजारी, आमचे आखूड झालेले फ्रॉक यांच्या मोबदल्यात दारात बसून, तासतासभर घासाघीस करून घेतलेली. घरातलं पितळ हळूहळू कमी करून सगळा संसार तिने असा स्टीलचा केला. ती पातेली तिला कुणी भेट दिली नव्हती, ती तिची स्वतःची कमाई होती. आणि नेमक्या त्या कमाईवरच कुणाचं नाव नव्हतं.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये माझ्या मुलीचं उष्टावण झालं. आता भाऊ मामा झाला होता आणि त्याने हट्टाने चांदीची वाटी घेतली. दुकानातूनच त्याचा फोन आला, "ताई, नाव काय घालू? नुसतं तिचं, की पूर्ण?"

मी क्षणभर थांबले. राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येईल. माझी मुलगी त्या तारखेनंतरची. तिच्या दाखल्यांवर माझं नाव येणार आहे, जे माझ्या दाखल्यांवर माझ्या आईचं आलं नाही. मी भावाला सांगितलं, "तिचं नाव, मग माझं, मग तिच्या बाबांचं. आणि साल."

"वाटी छोटी आहे गं."

"अक्षरं बारीक घाल म्हणावं."

दुकानदाराने घातली. वाटीला पूर्ण वळसा घालून नाव जिथून सुरू झालं तिथे येऊन टेकलं.

त्यानंतरच्या नाशिकच्या फेरीत बोहारणीचं सगळ्यात मोठं पातेलं मी बरोबर नेलं. भांडी बाजारात एका दुकानात गेले. दुसरीकडून आणलेल्या भांड्यावर नाव घालायचे दुकानदाराने वेगळे पैसे सांगितले, ते दिले. कागदावर आईचं नाव लिहून दिलं, फक्त तिचं, मामाने माझं घातलं होतं तसं. त्याने विचारलं, "पुढे काही? प्रसंग? कुणाकडून?" मी म्हटलं, काही नाही. घरी आल्यावर आईने काठ उजेडाकडे धरून वाचलं. "कशाला पैसे घातलेस," म्हणाली. पण परत नेऊ दिलं नाही. ते पातेलं आता तिच्याकडेच असतं आणि रोजचं दूध त्यात तापतं.

धनत्रयोदशीला एखादं भांडं घ्यायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. यंदा घ्याल तेव्हा दुकानदार विचारेल, काय नाव घालू? त्या वेळी ज्या बाईच्या हाती ते भांडं रोज असणार आहे, तिचं नाव सांगा. आणि खाली साल घालून घ्या.