डाव्या खांद्याची रायफल

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि आपला पेलेट साडेचार मिलिमीटरचा. स्पर्धेत असे साठ नेम उभ्याने, पंचाहत्तर मिनिटांत मारायचे. हा हिशेब कळल्यावर रायफलचा कुठलाही भाग ‘चालेल’ म्हणून बसवता येत नाही. मी हौशी नेमबाज आहे. बँकेतली नोकरी, घर आणि मिळेल तेव्हा कोल्हापूरची दुधाळी रेंज. तरी क्लबची रायफल बाजूला ठेवून स्वतःच्या अंगाची रायफल जुळवायची, हे मी चाळिशीनंतर ठरवलं.

कारण डोळ्याचं होतं. लिहिते, जेवते उजव्या हाताने, पण माझा डावा डोळा जोरकस आहे. क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या खांद्याच्या. डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावून उजव्याने नेम धरता येतो आणि तसे उत्तम नेमबाजही आहेत. मला मात्र तासाभरात डोळ्यांवर ताण यायचा. रेंजवर शिकवणारे सर म्हणाले, “ताई, रायफल डाव्या खांद्याला लावून बघा. हात शिकतो, डोळा बदलत नाही.” ते पटलं. उजवा कोपर उजव्या कमरेच्या हाडावर टेकला आणि रायफल आपोआप स्थिर झाली.

नवीन मॅच रायफल काही लाखांत जाते. पुण्यातल्या, खेळ सोडलेल्या एका नेमबाजाकडून मी जुनी रायफल घेतली. नळी आणि अ‍ॅक्शन उत्तम, लाकडी स्टॉक मात्र उजव्या हाताचा. तिथून जुळवाजुळव सुरू झाली.

स्टॉक बदलायचा म्हणजे त्याच कंपनीचा आणि त्याच पिढीच्या मॉडेलचा शोधावा लागतो. फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, आन्शुट्झ, स्टायर या सगळ्यांच्या रायफली दिसायला भाऊ-भाऊ वाटतात, पण स्क्रूंच्या जागा आणि अ‍ॅक्शन बसायची खाच प्रत्येकाची वेगळी. मला डाव्या मुठीचा अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक मिळाला. गाल टेकायचा चीक पीस दोन्ही बाजूंना फिरवता येणारा होता, हे नशीब. पेलेट भरताना उघडायचा अ‍ॅक्शनचा दांडा उजव्याच बाजूला राहिला. तो चालतो, कारण उजवा हात मोकळा करून पेलेट भरता येतो आणि डाव्या हाताची मूठ सुटत नाही. डाव्या नेमबाजांनी या एका भागासाठी अडून बसू नये, असं माझं मत आहे. मूठ मात्र डावीच हवी. उजवी मूठ डाव्या हातात धरली की मनगट पिळतं आणि तो पीळ थेट ट्रिगरच्या बोटात उतरतो.

खांद्याला टेकणाऱ्या बट प्लेटपर्यंतची लांबी मोजताना सरांनी नेमबाजीचं जॅकेट घालायला लावलं. नियमाने जॅकेटच्या कापडाचा एक थर अडीच मिलिमीटरपर्यंत असू शकतो. नुसत्या शर्टावर मोजलेली लांबी जॅकेटवर जास्त ठरते. मग त्यांनी डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकायचा, मान सैल सोडायची आणि मग डोळे उघडायचे. डोळा मागच्या पीप साइटच्या भोकाच्या मधोमध आला पाहिजे. नाही आला तर मान हलवायची नाही, भाग हलवायचा. रायफल जुळवण्याचं सगळं शास्त्र मला या एका वाक्यात सापडलं.

माझी मान लांब आहे. गाल टेकायला डोकं खूप झुकवावं लागायचं आणि झुकलेल्या डोक्याने तोल जातो. उपाय म्हणजे साइट उंच करायच्या. मॅच रायफलच्या साइट अकरा मिलिमीटरच्या खाचेवर बसतात आणि त्यांच्याखाली उंचीचे ठोकळे लावता येतात. पण मागची साइट उंचावली की पुढचीही तेवढीच उंचावावी लागते. दोन साइटमध्ये ऐंशी सेंटिमीटर अंतर असेल, तर उंचीतला एक मिलिमीटरचा फरक दहा मीटरवर साडेबारा मिलिमीटर होतो. थोडा फरक साइटच्या स्क्रूचे क्लिक फिरवून निघतो. जास्त असेल तर क्लिकच संपतात. म्हणून दोन्ही ठोकळे एकाच उंचीचे घेतले. मग चीक पीस तितकाच वर चढवला. मग बट प्लेट थोडी खाली सरकवली. साइट जितकी उंच, तितकी रायफल एका बाजूला कलण्याची चूक लक्ष्यावर मोठी दिसते, त्यामुळे हवी त्याहून एक मिलिमीटरही जास्त उंची मी घेतली नाही.

पुढच्या साइटमधल्या रिंगचीही अशीच साखळी आहे. रिंग बसते तो टनेल अठरा मिलिमीटरच्या रिंगचा की बावीस मिलिमीटरच्या, हे पाहूनच रिंग घ्यायची. एकाची दुसऱ्यात बसत नाही. पुढे नळकांडं जोडून साइटमधलं अंतर वाढवलं की नेमातली चूक स्पष्ट दिसते, पण रिंग डोळ्यापासून लांब गेल्याने लहान भासते. लक्ष्याचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा. त्याच्याभोवती पांढरं कडं मोकळं दिसलं पाहिजे. कडं अरुंद झालं की डोळा घाबरतो आणि बोट थांबतं. मी नळकांडं लावलं आणि रिंग मोठी घेतली. लगेच रायफलचं तोंड जड झालं. मग मागे बटाजवळ वजनं लावून तोल परत कमरेवर आणला. सगळं धरून साडेपाच किलोची मर्यादा आहे. नेमकी साडेपाच किलोची रायफल काही जण अभिमानाने दाखवतात. मी त्याहून बरीच हलकी ठेवली, कारण साठाव्या नेमालाही ती माझ्याच पाठीवर असणार आहे.

रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे प्रश्न गुणांचा नसून जिवाचा असतो. रायफलबरोबर आलेल्या सिलिंडरवरची मुदत उलटून गेली होती. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं. या सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत हवा भरलेली असते. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला कंपन्या सहसा दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी स्पर्धेच्या नियमानेही खेळाडूवरच आहे. मी तो रायफलला एकदाही न लावता बाजूला काढला आणि त्याच कंपनीचा नवा घेतला. दुसऱ्या कंपनीचा स्वस्तात मिळत होता, पण आटे वेगळे. आटे जुळवून देतो म्हणणारेही भेटतात. त्यांच्या दारात उभं राहू नये. हवा भरायच्या जोडाचंही तसंच. दोनशे बारचा जोड तीनशे बारच्या टाकीला नीट बसतच नाही, कारण तो तसा बसू नये म्हणूनच बनवलेला असतो.

शेवटी पेलेट. नळीला कुठला पेलेट मानवतो, ते डबीवरच्या नावावरून कळत नाही. डोक्याचा व्यास ४.४८, ४.४९, ४.५० असा बदलतो आणि एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. सरांनी रायफल शिकंज्यात आवळली आणि प्रत्येक डबीतले पेलेट दहा मीटरवरच्या एकाच जागी मारले. काही डब्यांनी कागदावर फाटकी, पसरलेली भोकं पाडली. ४.४९च्या एका लॉटने जवळजवळ एकच गोल भोक पाडलं. ती डबी सगळ्यांत महाग नव्हती. त्या लॉटचे मिळतील तेवढे डबे मी घेऊन ठेवले.

आमच्या जिल्ह्याला हा खेळ नवा नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली आणि २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून कांस्यपदक आणलं. त्यामुळे पालक मुलांना रेंजवर आणतात आणि जुन्या रायफलीच्या शोधात आमच्याकडेही चौकशी करतात. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही, आणि मॅच रायफल या मर्यादेच्या खूप आत असते. म्हणून घेणं सोपं आहे. एवढंच करा: किंमत ठरवण्याआधी सिलिंडरवरची तारीख वाचा, आणि मुलाला जॅकेट घालून, डोळे मिटून ती रायफल खांद्याला लावायला सांगा.