लेंटने सोडलेली जागा

लेंट, नेदरलँड्स

ती. मामांस,

सांगलीच्या पुराबद्दल लिहिताना तुम्ही विचारलंत, डच लोक नदीला बांध घालून आवरतात, मग ते आपल्याला का जमू नये? मी राहते त्या लेंटचीच हकीकत सांगते. इथे बांध उंच केला नाही, मागे घेतला.

लेंट वाल नदीच्या उत्तर काठावर, सखल जमिनीवर आहे. समोर चढावर नायमेखेन शहर. ऱ्हाईन या देशात शिरली की तिचं दोन तृतीयांश पाणी वालमध्ये येतं. शहरावर काही बेतलं की झळ या गावाला पोचते, हे फार जुनं आहे. १५९० मध्ये राजपुत्र मॉरिट्सने स्पेनच्या ताब्यातल्या नायमेखेनला शह द्यायला गढी बांधली ती लेंटच्या काठावर. पुढच्याच वर्षी शहर पडलं.

१६५७ पासून दोन्ही काठांमध्ये एक नाव चालायची. तुम्ही तासभर बघत राहिला असतात. वरच्या अंगाला नदीत नांगरलेल्या लांब दोराला ती बांधलेली असे. तिरकी धरली की प्रवाहच तिला पलीकडे ढकलायचा. १९३६ मध्ये पूल झाला आणि ती बंद पडली.

दुसऱ्या महायुद्धात त्या पुलासाठी २० सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकन सैनिकांनी भरदुपारी, समोरून गोळीबार होत असताना, कापडी होड्यांतून वाल ओलांडली. ४८ जण गेले. त्यांनी नदी ओलांडली त्याच जागी २०१३ मध्ये आणखी एक नवा पूल झाला. त्यावर रोज संध्याकाळी दिव्यांच्या ४८ जोड्या एकामागून एक लागतात आणि एक माजी सैनिक त्यांच्या गतीने पूल चालून जातो.

आता पुराचं. जानेवारी १९९५ च्या अखेरीस ऱ्हाईनला तुमच्या हिशेबात सव्वाचार लाख क्युसेक पाणी आलं. बांध फुटतील म्हणून नदीकाठची अडीच लाख माणसं हलवली. बांध टिकले, पण ते वाढवत राहिलं तर फुटतील त्या दिवशी पाणीही तितकंच जास्त घरांत शिरणार, हे सगळ्यांना दिसलं. त्यात वाल नेमकी इथेच वळते आणि अरुंद होते. शहर हलणं शक्य नव्हतं. म्हणून लेंटचा बांध ३५० मीटर आत नेला आणि मधल्या जमिनीत नदीला दुसरं पात्र खोदून दिलं. त्यामुळे पुराची पातळी ३५ सेंटिमीटरने उतरते. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला या ३५ सेंटिमीटरचं मोल मी काय सांगावं!

त्यासाठी गावातली पन्नासेक घरं पाडली. लोकांनी विरोध केला. १९९८ मध्ये लेंट नायमेखेनमध्ये सामील झालेलं असल्यामुळे निर्णय शहराच्या सोयीचा होतोय, ही भावना तीव्र होती. मला ती रास्त वाटते. योजना बरोबर होती, हेही मला तितकंच पटतं. बाहेरून शिष्टमंडळं येतात, नव्या पात्राचे आणि पुलांचे फोटो काढतात. त्यांना पहिल्यांदा सांगायला हवं ते त्या घरांबद्दल, कारण त्या माणसांनी जागा सोडली नसती तर बाकी काहीच झालं नसतं.

तेव्हा मामा, बांधाच्या उंचीपेक्षा मला दुसरंच विचारायचंय. सांगलीत निळ्या पूररेषेच्या आत घरं असलेल्या लोकांशी, त्यांनी कुठे जायचं आणि काय मोबदल्यात, हे बोलायला कधी कोणी बसलं होतं का? तुमच्या नोकरीतलं आठवत असेल ते सविस्तर लिहा. मामींना नमस्कार.

तुमची भाची