चुलीची कैफियत

औंढ्याच्या नागनाथाची कथा आमच्या हिंगोली जिल्ह्यात शेंबडे पोरही सांगेल: महाद्वारी कीर्तन मांडलेल्या नामदेवांना पुजाऱ्यांनी देवळामागे पिटाळले आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. ज्या मुलखात नामदेवांचे नर्सी आहे, तेथील माणसाला संतपटांतील चमत्कारांचे नवल ते काय असणार? म्हणूनच प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मी पुनःपुन्हा पाहतो तो अखेरच्या विमानासाठी नव्हे. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी त्यात तुकोबांच्या पत्नीची, जिजाईची, जी कैफियत निःपक्षपातीपणे नोंदवून घेतली आहे, तिच्यासाठी.

केशवराव भोळ्यांचे संगीत या निःपक्षपातीपणाला पोषक आहे. तुकोबांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस गाऊ लागले की गायकीचे प्रदर्शन न होता चालत्या संसारातूनच अभंग उमलतो. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचलेला अभंग कित्येकांनी तुकोबांचाच मानला, तो याच एकजीवपणामुळे. उलट, तुकोबांची वाणी चोरून तिच्यावर स्वनामाची मोहोर उठवणारा सालोमालो गातो, तेव्हा शब्द तेच असूनही सुरातला दंभ लपत नाही.

जुन्या मराठी चित्रपटांत गाणे आणि जनरीत यांचा मुकदमा वारंवार उभा राहतो. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) या वसंत देसायांच्या संगीताने नटलेल्या दोन्ही चित्रपटांत भक्ताच्या जागी शाहीर आला, तरी गाणे आणि जनरीत यांचे वैर तेच राहिले. परंतु पुजारी, पंडित आणि सालोमालो यांना पराभूत करण्यास एक चमत्कार किंवा एक लावणी पुरते. उपाशी लेकरांच्या आईला निरुत्तर करणारा चमत्कार मात्र कोणापाशीच नसतो. नामदेवांच्या गाथ्यात त्यांच्या पत्नी राजाईच्या नावाचे अभंग आहेत, त्यांतही दारिद्र्याचे हेच गाऱ्हाणे आहे. देऊळ फिरल्याची कथा सांगताना तिची आठवण आम्हां हिंगोलीकरांना क्वचितच होते.

दामले-फत्तेलालांना मात्र उपाशी लेकरांची आई विसरता आली नाही, ही त्यांची थोरवी. त्यांची जिजाई आजारी मुलासाठी हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारते, आणि वैकुंठाचे बोलावणे आले तरी संसार सोडून जात नाही. तिच्या या नकाराने तुकोबांची भक्ती तिळमात्र उणावत नाही. त्या भक्तीचे मोल कोणाच्या चुलीने चुकते केले, एवढेच प्रेक्षकाला कळून चुकते, आणि त्यानंतर ऐकलेला अभंग त्याला अधिक महाग वाटतो.