कठड्याचे दगड

आमच्या मळ्यातली विहीर गाडीवाटेला लागून होती. तिला कमरेएवढा दगडी कठडा होता. 1978 च्या उन्हाळ्यात दादांनी गोठा बांधायला काढला. जोत्याला दगड कमी पडले, तेव्हा वाटेच्या अंगाचा कठडा उतरवला. ते दगड वाहायला मीही होतो. "सुगी झाली की बांधू पुन्हा," दादा म्हणाले. सुगी झाली, कठडा राहिलाच.

पुढच्या श्रावणात गवत माजलं. काठ कुठं संपतो ते दिसेना. आमच्या गड्याचा पोरगा, माझ्याच वयाचा, शेरडामागं धावताना आत गेला आणि पायरीवर आदळला. बाजल्यावर घालून त्याला तालुक्याला नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण पाय आखूड राहिला.

चावडीवर लोक म्हणाले, "पोरानं बघून चालावं की! हीर काय चालत आली व्हय त्याच्याकडं?"

मामा तहसील कचेरीत कारकून होते. ते मात्र दादांना म्हणाले, "दाजी, रान तुमचं, पण वाट गावाची. वाटेलगतच्या विहिरीला कुंपण घाला, असा हुकूम मॅजिस्ट्रेट काढू शकतो. कलम 133 आहे त्यासाठी. आणि त्याच्या बापानं भरपाईचा दावा लावला, तर काय सांगणार? कठडा तुम्हीच काढलाय."

दादा गप्प बसले. दुसऱ्या आठवड्यात गोऱ्हा विकून त्यांनी दवाखान्याचं बिल भागवलं, आणि दिवाळीआधी सिमेंटचा कठडा उभा केला. गाव म्हणालं, "मालक देवमाणूस." पोराच्या बापानंही हात जोडले. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

दावा त्यानं लावलाच नाही. लावणार कसा? ज्याच्या रानात पोट भरायचं, त्याच्यावरच कोर्टात जायचं? जे त्याला हक्कानं मिळायचं, ते आम्ही उपकार म्हणून दिलं, आणि तेही दवाखान्यापुरतंच. आखूड पायाचा हिशेब कुणी केला नाही.

ते कलम आता नव्या संहितेत 152 झालंय. तो पोरगाही म्हातारा झालाय. लंगडत येतो, गोठ्याच्या जोत्यावर टेकतो, चहा घेतो. आपण बसलोय ते दगड कुठले, हे त्याला ठाऊक आहे का, ते मी अजून विचारलेलं नाही.