पान सोडण्याचा हिशेब : बदलापूर मार्गावरील रमी आणि तीन पत्ती

पत्त्यांच्या खेळात कौशल्य नेमके कोठे असते, या प्रश्नाची चर्चा पोकरविषयीच्या पुस्तकांत भरपूर झालेली असली, तरी कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर लोकलच्या डब्यात आणि दिवाळीच्या रात्रीच्या बैठकीत अधिक ठसठशीतपणे पाहायला मिळते. पोकर या गावांत फारसा रुजलेला नाही. ज्यांना त्याची हौस असते ते पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर जाऊन ती भागवतात. येथे चालतात ती रमी, मेंढीकोट आणि तीन पत्ती, जिला उल्हासनगरच्या सिंधी घरांत सर्रास ‘फ्लश’ म्हटले जाते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ज्या लष्करी छावणीत, म्हणजे ‘कल्याण कॅम्प’मध्ये, आसरा मिळाला, तिला 1949 साली उल्हासनगर हे नाव दिले गेले, आणि त्या कॅम्पांतून दिवाळीच्या दिवसांत पत्त्यांचा डाव मांडण्याची चाल आजही टिकून आहे. मराठी घरांनाही ती परकी नाही, कारण कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात आणि त्या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले अशी कथा सांगितली जाते. वेरूळच्या लेण्यांत हा सारिपाटाचा प्रसंग कोरलेलाही आहे.

लोकल आणि दिवाळीची बैठक या दोन्ही ठिकाणचा खेळ दीर्घकाळ पाहिल्यावर आणि खेळल्यावर प्रस्तुत लेखकाचे मत असे झाले आहे की, सातत्याने जिंकणारा माणूस चांगली पाने खेळण्यात इतरांहून फारसा वेगळा नसतो; तो वेगळा असतो तो वाईट आणि मध्यम पाने वेळेत सोडण्यात, आणि सोडण्याची किंमत आधी मोजण्यात.

तीन पत्तीचे गणित त्यासाठी सोयीचे आहे, कारण ते लहान आहे. बावन्न पानांच्या एका कॅटमधून तीन पाने 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी एकाच क्रमांकाची तीन पाने, म्हणजे ‘ट्रेल’, 52 वेळा; एकाच रंगातील ओळीची तीन पाने, म्हणजे ‘प्युअर सिक्वेन्स’, 48 वेळा; मिश्र रंगांची ओळ, म्हणजे साधा ‘सिक्वेन्स’, 720 वेळा; एकाच रंगाची पण ओळ नसलेली पाने, म्हणजे ‘कलर’, 1,096 वेळा; आणि जोडी 3,744 वेळा येते. उरलेल्या 16,440 हातांत काहीच नसते आणि सर्वांत मोठ्या पानावर निकाल लागतो. (प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षाही दुर्मिळ असूनही ट्रेलला वरचा मान मिळतो, ही या खेळातील एक गमतीची विसंगती आहे; पण ज्याच्या हाती तीन एक्के आले आहेत त्याच्याशी हा वाद घालण्यात अर्थ नसतो.) याचा अर्थ असा की, शंभरातील सुमारे चौऱ्याहत्तर हात निव्वळ ‘हाय कार्ड’चे असतात, आणि सर्व हात उतरत्या क्रमाने मांडले तर त्यांचा मध्य राजा-दस्सा-दुर्री या अगदी सामान्य दिसणाऱ्या हातावर पडतो. ज्याच्याकडे राजा आणि दस्सा आहे, तो एका अनोळखी हाताशी बरोबरीत आहे. ज्याच्याकडे राणी वरचढ आहे, तो मागे आहे, मग राणीबरोबर कितीही देखणा गुलाम असो.

मात्र हे समीकरण एकास एक असे आहे, आणि येथेच नवशिक्यांची फसगत होते. पाच जण खेळत असतील आणि हाती दुर्र्यांची जोडी आली, तर ‘जोडी आली’ एवढ्यानेच चेहरा खुलतो. पण उरलेल्या चौघांपैकी एकाकडेही जोडी किंवा त्याहून मोठे काही नसण्याची शक्यता जेमतेम 31 टक्के असते. तीच जोडी तिघांच्या खेळात, दोघांविरुद्ध, 55 टक्क्यांच्या आसपास टिकते. हाताची किंमत हातात नसते, ती समोर किती माणसे उरली आहेत यावर ठरते. पोकरची पुस्तके ज्या गोष्टीसाठी प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करतात, त्यातली बरीच या एका वाक्यात येतात.

तीन पत्तीतील दुसरी गुंतागुंत ‘ब्लाइंड’ची. ज्याने पाने उचलून पाहिलेली नाहीत तो ब्लाइंड, आणि पाहिलेल्याला प्रत्येक चालीसाठी त्याच्या दुप्पट टाकावे लागते. उल्हासनगरच्या कॅम्पातील एका घरात दिवाळीच्या बैठकीला गादीच्या कडेला बसणारी, पानाला हातसुद्धा न लावणारी आणि एकेक काडी पुढे सरकवणारी आजी पाहुण्यांना भोळी वाटत असे. (काडी याचा अर्थ काडेपेटीची काडी, पैशाऐवजी काड्या लावण्याची पद्धत या भागात जुनी आहे, आणि विम्कोचा आगपेट्यांचा मोठा कारखाना एकेकाळी अंबरनाथलाच असल्याने ती शोभूनही दिसते.) वास्तविक आजीचा हिशेब पक्का होता. ब्लाइंड एक काडी टाकतो तेव्हा पाहिलेला दोन टाकतो, म्हणजे दोघेच उरले असता पुढच्या प्रत्येक फेरीत जमणाऱ्या तीन काड्यांपैकी दोन पाहिलेल्याच्या असतात. आधीचा साठा क्षणभर बाजूला ठेवला, तर हा व्यवहार परवडण्यासाठी त्याला तीनांतून दोनदा जिंकता आले पाहिजे. वरील मांडणीत तो टप्पा एक्का-गुलामापाशी येतो. राजा-राणी घेऊन आजीविरुद्ध चाली वाढवणारा जावई तिच्या न पाहिलेल्या पानांपेक्षा बहुतेक वेळा वरचढ असे, आणि तरीही रात्रीअखेर त्याच्यापुढच्या काड्या तिच्यापुढे गेलेल्या असत. पाने पाहिली की लगेच दोनच मार्ग खुले ठेवावेत, सोडणे किंवा नेटाने खेळणे. ‘बघू जरा’ म्हणून दुप्पट दराने दोन फेऱ्या फिरणे हा सर्वांत महाग मार्ग आहे.

आधीचा साठा मात्र कायम बाजूला ठेवून चालत नाही. मध्ये 120 काड्या जमल्या असतील आणि पुढे जाण्यास 40 लागत असतील, तर 160 काड्यांसाठी 40 मोजायच्या आहेत, म्हणजे चारांतून एकदा जिंकण्याची आशा असली तरी चाल परवडते. यालाच पोकरमध्ये ‘पॉट ऑड्स’ म्हणतात, म्हणजे लागणाऱ्या किमतीचे मिळू शकणाऱ्या रकमेशी असलेले प्रमाण. ‘साइड शो’च्या सवलतीचाही विचार येथेच करावा. आपल्या आधी चाल केलेल्या, पाने पाहिलेल्या खेळाडूकडे गुपचूप पाने ताडून पाहण्याची मागणी करता येते आणि ज्याचा हात लहान त्याला बाहेर पडावे लागते. म्हणून जो भारी हाताशिवाय चाल करत नाही अशा माणसाच्या लगेच पुढे बसण्यापेक्षा, जो हलक्या पानांवर चाली करतो त्याच्या पुढे बसणे कधीही चांगले.

कायद्याची दृष्टी या कौशल्याकडे निराळी आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या 1887च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले आहे, आणि आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या 1967च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान ठेवायचे, कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. ‘फ्लश’ किंवा ‘ब्रॅग’ नावाने चालणारी तीन पानांची खेळी मात्र केवळ दैवाची ठरवली. 2017 साली गुजरात उच्च न्यायालयाने पोकरलाही कौशल्याच्या बाजूस बसू दिले नाही, आणि ऑगस्ट 2025मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने तर पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या बाबतीत कौशल्य की दैव हा प्रश्नच निकाली काढून त्यांवर सरसकट बंदी घातली. न्यायालयाचा तीन पत्तीविषयीचा निष्कर्ष पानांपुरता बरोबर आहे, चालींपुरता तितकासा नाही, असे आजीच्या काड्या पाहिलेल्या माणसाला वाटल्यास नवल नाही. तरीही पैसा मध्ये आला की या बारकाव्याचा उपयोग शून्य आहे हे ध्यानात ठेवावे. लोकलमधील शहाणी टोळकी गुण वहीत मांडतात आणि महिनाअखेरीस सर्वाधिक गुण अंगावर असलेल्याकडून सर्वांना वडापाव वसूल करतात, ते याच कारणाने.

लोकलमधील रमीचे स्वरूप वेगळे आहे आणि तिचे डावपेचही वेगळे आहेत. बदलापूर ते मुंबई हे सुमारे 68 किलोमीटरचे अंतर फास्ट गाडीनेही सव्वा तासाहून अधिक वेळ खाते. समोरासमोरच्या दोन बाकांवर सहा जण, मांड्यांवर एकेकाळी ब्रीफकेस आणि आता सॅकवर ठेवलेला पुठ्ठा, आणि दोन कॅट एकत्र पिसून प्रत्येकी तेरा पाने. ज्याची सर्व पाने लागतात, म्हणजे ओळी आणि गट यांत बसतात, आणि ज्याच्या ओळींपैकी किमान एक जोकरविना असते, तो डाव जिंकतो. इतरांच्या न लागलेल्या पानांचे गुण त्यांच्या अंगावर पडतात, चित्रे आणि एक्के प्रत्येकी दहा या दराने, जास्तीत जास्त 80 पर्यंत. पहिले पान उचलण्याआधीच डाव सोडणाऱ्याला 20, आणि नंतर सोडणाऱ्याला 40 गुण पडतात. समजा, हरल्यास सरासरी 50 गुण पडतात आणि जिंकल्यास इतरांकडून मिळून 100 येतात. मग 20 देऊन सुटण्यापेक्षा खेळणे तेव्हाच चांगले, जेव्हा जिंकण्याची शक्यता पाचांत एक असेल. सहा जणांत सामान्य हाताचा वाटा सहांत एक एवढाच असतो. म्हणजे ठीकठाक दिसणारा हातही वास्तविक सोडण्याच्या बाजूचा असतो, ही गोष्ट वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांनाही पटवून द्यावी लागते.

पाने टाकण्यातही असेच आहे. इस्पिकच्या सत्त्याला पंजा-छक्का, छक्का-अठ्ठा आणि अठ्ठा-नव्वा अशा तीन ओळी खुल्या असतात, तर एक्का, दुर्री आणि राजा यांना प्रत्येकी दोनच. म्हणून सगळेच राजे आणि एक्के लवकर टाकतात. पण सगळेच तसे करतात हे ठाऊक असलेला एखादा मुरलेला प्रवासी ती पाने पडल्या पडल्या उचलतो आणि कांजूरमार्ग येईपर्यंत त्याचा राजांचा गट लागलेला असतो. रोज तीच पाच माणसे समोर असल्यामुळे कोण घाबरून लवकर सोडतो, कोण जोकर आला की पाने जरा वर धरतो, हे सर्व कालांतराने उघड होते, आणि त्यामुळे आपल्याही सवयी अधूनमधून मोडाव्या लागतात.

परंतु गाडीतील खरी अडचण समोरच्यांची नव्हे, मागच्यांची असते. डोंबिवलीनंतर बाकांमधल्या जागेत माणसे दाटतात आणि प्रत्येक खेळणाऱ्याच्या खांद्यावरून किमान दोन बघे पाने वाचत असतात. अमुक एकाला हवे ते पान आले की त्याचा स्वतःचा चेहरा कोराच राहतो, पण मागे दांडीला लोंबकळणाऱ्याच्या भुवया वर जातात. चुकीचे पान टाकले की मागून बारीक ‘च्च’ ऐकू येते. पोकरमध्ये ज्याला ‘टेल’, म्हणजे नकळत दिसलेली खूण, म्हणतात, ती येथे तिसऱ्याच माणसाच्या चेहऱ्यावर उमटते, आणि समोर बसलेल्याने पाने न पाहता बघ्यांकडे पाहत राहणे हा अधिक लाभाचा अभ्यास ठरतो. यावर उपाय साधे आहेत: खिडकीची जागा मिळवणे, कारण तेथे एक खांदा मोकळा राहत नाही; पाने छातीशी आणि पंख्यासारखी न उघडता दाबून धरणे; आणि लागणारी ओळ एकत्र न ठेवता विखुरलेली ठेवणे, जेणेकरून मागच्यालाही तिचा पत्ता लागू नये. मागच्याचा सल्ला कधीही ऐकू नये, कारण त्याने इतर दोघांचीही पाने पाहिलेली असतात आणि त्याची मदत मिळाली की खेळ नासतो, मैत्रीही नासते.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत ही स्थिती हळूहळू उलटते. कल्याणला बघे ओसरतात, विठ्ठलवाडी आणि उल्हासनगरला एकेक गडी उतरतो, अंबरनाथला आणखी एक, आणि डावात तिघे उरतात. जिंकल्यास येणारे गुण आता 100 ऐवजी, समजा, 60 झाले, तर खेळण्यासाठी लागणारी शक्यता 27 टक्क्यांवर जाते. पण तिघांत सामान्य हाताचाच वाटा 33 टक्के असतो, म्हणजे मुलुंडला जो हात डोळे झाकून सोडायला हवा होता तोच अंबरनाथनंतर खेळण्याजोगा होतो. बरेच जण सकाळची शिस्त तशीच पुढे चालवतात आणि वीस-वीस गुणांनी झिजत राहतात. शिवाय अंबरनाथ ते बदलापूर हे अंतर आधीच्या स्थानकांच्या मानाने लांब असल्याने एक लहान डाव त्यात बसतो, मात्र तो वाटताना स्थानकाबाहेरच्या होम सिग्नलला गाडी थांबण्याची सवय हिशेबात धरावी लागते. दोघेच उरले तर टाकलेले प्रत्येक पान थेट समोरच्याच्याच पुढ्यात पडते, मध्ये कोणी नसतो. अशा वेळी स्वतःची ओळ पूर्ण करण्यापेक्षा समोरचा कोणत्या रंगाची पाने उचलतो आहे ते लक्षात ठेवून त्या रंगाची पाने हाती अडवून धरणे, त्यांचे गुण अंगावर येण्याचा धोका पत्करूनही, अधिक फायद्याचे ठरते.